शनिवारच्या बायका

केझायाला मातीत ठेवून आल्यावर तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिच्या लेकीला कुणाचं दूध पाजायचं यावरून व्हर्डेलच्या घरात भांडण झालं.

व्हर्डेल तेव्हा स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून केझायाच्या सोळा दिवसांच्या लेकीला, आपल्या नातीला, नेओमीला चमच्याने दूध देत होती. टेबलावर मॅकरोनीचे तीन ट्रे, तळलेल्या कोंबडीचे डबे, कॉलर्डच्या पालेभाजीचं मोठं पातेलं आणि दोन पाउंड केक, चर्चच्या बायकांनी आणून ठेवले होते तसेच पडून होते. खाणारी माणसं कालच आपापल्या गावी परतली होती.

चमचा ओठाला लागला की नेओमी जीभ बाहेर काढायची. थोडं आत जायचं, बाकीचं हनुवटीवरून गळ्यात. जन्मल्यापासून अकरा दिवस ती आईच्या अंगावर प्यायली होती. सोमवारी आईला दवाखान्यात नेलं तेव्हापासून तिनं बाटली म्हणून तोंडात धरली नव्हती. डब्याचं दूध दोन तऱ्हांचं आणून झालं, बाटल्या चार तऱ्हांच्या झाल्या. जेवढं पोटात जाई त्यातलं निम्मं उलटून पडे. जन्मली तेव्हा सात पौंड दोन औंस होती. काल डॉक्टरांच्या काट्यावर सहा पौंड सात औंस भरली. सोमवारपर्यंत वाढली नाही तर दाखल करून नाकातून नळी घालू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

आणि हे व्हर्डेलच्या घरात. गेली आठ वर्षं दर शनिवारी ती चर्चच्या हॉलमध्ये ओल्या बाळंतिणींना जमवायची. बाळ छातीशी कसं धरायचं, तोंड केवढं उघडलं की लावायचं, दूध भरून छाती दगड झाली तर काय करायचं, कामावर परत गेल्यावर दूध काढायला जागा कशी मागायची. मेम्फिसच्या या भागातल्या काळ्या पोरींना हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांच्या आयांनी पाजलं नव्हतं, आज्यांनी पाजलं नव्हतं, आणि दवाखान्यातून घरी सोडताना न विचारताच डब्याचं दूध पिशवीत पडायचं. तीनशेच्या वर बाळं व्हर्डेलनं आईच्या अंगाला लावली होती. वस्तीत त्यांना 'शनिवारच्या बायका' म्हणत, आणि व्हर्डेलला, मोठ्या बायकांना मानानं म्हणतात तसं, 'मिस व्हर्डेल'. व्हर्डेलची आई, ओझेला, म्हणायची, "जा, तुझा गोठा भरला असेल."

दहा वाजता त्या बायका दारात आल्या. चौघी होत्या. हॉलला कुलूप दिसल्यावर तशाच इकडे चालत आल्या होत्या. पुढे लसोनिया होती, शाळेची बस चालवणारी, उंच, धिप्पाड. छातीला बांधलेल्या झोळीत तिचा चार महिन्यांचा टोबायस झोपला होता. तिच्या पहिल्या मुलीच्या वेळी ती हॉलमध्ये रडत आली होती आणि हसत गेली होती. तेव्हापासून ती व्हर्डेलचा उजवा हात झाली होती.

तिनं चमच्याकडे पाहिलं. बाळाच्या गालाकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"मिस व्हर्डेल, चमच्यानं कितीसं जाणार? द्या इकडं. मी पाजते."

व्हर्डेलला हे सुचलं नव्हतं असं नाही. मंगळवारपासून तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. लसोनियाचे रक्ताचे रिपोर्ट तिनं स्वतः पाहिले होते, औषधं कसली चालू नव्हती, दूध दोघांना पुरेल इतकं. परक्या पोरासाठी तिनं एका मिनिटात विचारलं असतं. पण स्वतःच्या नातीसाठी मागायला तोंड उघडत नव्हतं. आपल्याला काही मागायचा हक्क उरलाय असं तिला वाटत नव्हतं, आणि का वाटत नव्हतं ते तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"अगं मग दे ना!" कॉर्लिस म्हणाली. कॉर्लिस ही व्हर्डेलची धाकटी बहीण, कोर्टात कारकून. केझाया गेल्यापासून ती रडली कमी आणि कागद तिनं जास्त गोळा केले होते. दवाखान्याला कोर्टात खेचायचं असं तिनं ठरवून टाकलं होतं. "सोमवारी पोरीच्या नाकात नळी घालणार आहेत. त्यापेक्षा ही पाजते म्हणतेय तर विचार कसला करतेस?"

व्हर्डेल उठली. नेओमीला तिनं दोन्ही हातांवर घेतलं.

"या घरात कुणी कुणाला पाजणार नाही," मागून आवाज आला.

बैठकीच्या दारात ओझेला उभी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चर्चमध्ये सगळे तिला मानानं 'मदर' म्हणत, अजून काळ्या पोशाखातच. काठी होती, पण टेकलेली नव्हती.

"आई, आत्ता नको," व्हर्डेल म्हणाली.

"आत्ताच. ती पोरगी ब्लाउज सोडायच्या आत."

"आई, बाळ उपाशी आहे!" कॉर्लिस ओरडली.

"मला दिसतंय. माझे डोळे गेलेले नाहीत. नळी घालू देत. डॉक्टर कशाला शिकलेत? पण या घरात दुसऱ्याच्या पोराला दूध विकणारी बाई पुन्हा पाऊल ठेवणार नाही. एक होऊन गेली तेवढी पुरे."

लसोनिया शांतपणे म्हणाली, "मदर ओझेला, मी विकायला आलेली नाही. मला कुणी बोलावलेलं पण नाही. माझी मी आलेय."

"असंच म्हणतात सगळे. माझी आईसुद्धा म्हणायची, बाईसाहेब फार चांगल्या आहेत."

चौघींपैकी सगळ्यात लहान जी होती ती पाय वाजू न देता मागे सरकली.

"ठीक आहे," कॉर्लिस म्हणाली. "आई बोलली, मी बोलले, व्हर्डेल काही बोलतच नाही. बापाला विचारा. पोर त्याची आहे."

*

नेओमीचा बाप, जॅरेल, पुढच्या ओट्यावर पायरीवर बसला होता. आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं.

तो विमानतळावर माल चढवायचं काम करायचा. गेल्या आठवड्यात या वेळेला तो घरी भांडी धूत होता आणि केझाया पलंगावर पाय वर ठेवून पडली होती. आठवडा. त्याला हे मोजता येत नव्हतं. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर सकाळपासून दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. नेओमीला घेऊन आपल्या आईकडे, सेंट लुईसला जायचं त्यानं ठरवलं होतं. ते कसं सांगायचं तेवढंच राहिलं होतं. भांडण करायचं नव्हतं. केझायाची आई आहे, तिचंही गेलंय, काही न बोलता निघायचं, असं त्यानं स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

कॉर्लिस त्याला आत घेऊन आली.

"जॅरेल," व्हर्डेल म्हणाली, "लसोनिया पाजायला तयार आहे. मला विचारशील तर पाजू दे. पण तुला पटलं तरच."

"त्यानं काही होणार नाही ना? बाळाला?"

"काही होणार नाही. तिला मी तीन वर्षं ओळखते. माझ्यावर विश्वास ठेव."

त्यानं मान खाली घातली. नाही बोलायचं, असं तो मनात म्हणत होता. पण शब्द आधीच बाहेर पडले.

"तसाच केझायानं ठेवला होता, मिस व्हर्डेल."

व्हर्डेलच्या हातात बाळ हललं. तिनं मान वर केली नाही.

"म्हणजे काय?" कॉर्लिसनं विचारलं.

"काही नाही."

"जॅरेल, म्हणजे काय?"

"गेल्या शनिवारी तिचं डोकं ठणकत होतं. सकाळपासून. पाय इतके सुजलेले की सपाता जाईनात. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. मी दवाखान्यात फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, नवीन आयांना होतं असं, झोप झालेली नसते. गोळी घ्या, बरं नाही वाटलं तर सोमवारी या."

"हे माहितेय आम्हाला! तेच तर माझ्या कागदात आहे," कॉर्लिस म्हणाली. "त्या नर्सचं नाव मिळालं की बघ."

"केझायाला त्यांचं पटलं नव्हतं, मिस कॉर्लिस. ती म्हणाली, यांना काय कळतंय, थांब, मी मॉमाला विचारते. तिनं तुमच्या बहिणीला फोन केला. हॉलवर होत्या त्या."

कॉर्लिसनं हातातल्या कागदांची घडी केली.

"फोन आलेला?" कॉर्लिस बहिणीकडे वळली. "तुला?"

व्हर्डेल म्हणाली, "हो."

"काय सांगितलंस तू तिला?"

व्हर्डेलनं नेओमीचं दुपटं सारखं केलं. जॅरेलनंच सांगितलं, आणि सांगताना त्याला स्वतःची किळस आली, पण आता थांबणं जमेना.

"पाणी पी म्हणाल्या. दूध जोरात उतरलंय, अंग जड होतं, दोन तास पडून राहा. मी शेजारीच होतो, फोन मोठ्यानं लावलेला होता. मी म्हटलं, केझाया, चल आपण जाऊ दवाखान्यात. गाडीची किल्ली हातात होती माझ्या. ती म्हणाली, मॉमानं सांगितलंय ना. मॉमाला कळतं." तो थांबला. "दवाखान्यानं सांगितलं ते तिला पटलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत तेव्हा पटलं."

सोमवारी सकाळी नेओमीला पाजतापाजताच केझायाला झटका आला होता. रक्तदाब चढून मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली, असं संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं. एवढं सगळ्यांना माहीत होतं.

लसोनियानं भिंतीला पाठ टेकली. तिला आठवत होतं. गेल्या शनिवारी मिस व्हर्डेल टोबायसला काट्यावर ठेवत होत्या आणि फोन त्यांनी खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता. हॉलमध्ये अकरा बायका होत्या, दोन बाळं रडत होती. त्या हसत बोलत होत्या. नंतर लसोनियाला म्हणाल्याही होत्या, "माझी लेक. सारखी काळजी करते, बापावर गेलीय."

कॉर्लिसनं हातातले कागद मॅकरोनीच्या ट्रेवर टाकले.

"तुझ्या हॉलच्या भिंतीवर ती यादी आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "मी तुला छापून दिली होती. बाळंतपणानंतर डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, हातपाय सुजले, तर तडक दवाखाना. मोठ्या लाल अक्षरांत. कॉफीच्या मशीनच्या वर. तू फोनवर बोलत होतीस तेव्हा कुठं उभी होतीस, व्हर्डेल?"

"तिथंच."

"आणि पाच दिवस तू माझ्या शेजारी बसून त्या नर्सला शिव्या घालू दिल्यास मला. पाच दिवस! काय वाटत होतं तुला? वाचलो, कुणाला कळलं नाही?"

"कॉर्लिस—"

"माझं नाव तोंडात घेऊ नकोस. तीनशे पोरं वाचवलीस ना तू? लोकांची?" ती जॅरेलकडे गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "ने बाबा, गाडीतल्या बॅगा मी सकाळीच पाहिल्यात. तुझ्या लेकीला घेऊन जा. मी सामान उचलू लागते."

*

ओझेलाला लेकीचा चेहरा बघवेना. व्हर्डेल चोपन्न वर्षांची होती, पण उभी होती ती लहानपणी काहीतरी फोडून ठेवलं की उभी राहायची तशी, हात पुढे धरून. फक्त या वेळी हातात नात होती. नेओमी रडत होती. रडणं म्हणावं असा आवाज उरला नव्हता. दाराची बिजागरी कुरकुरावी तसं काहीतरी.

तो आवाज ओझेलानं कधी ऐकलेला नव्हता, तरी तिला तो ओळखीचा होता. तिच्या थोरल्या बहिणीनं तो तिला तोंडानं काढून दाखवला होता. आमॉस असा रडायचा, म्हणाली होती.

ओझेलाचा भाऊ आमॉस. ती जन्मायच्या सात वर्षं आधीच गेला. तिची आई, हेस्टर, डेल्टात, नदीकाठच्या सखल मुलखात, कापसाच्या मळ्यावर राहायची. गोऱ्या मालकाच्या सुनेला दूध आलं नाही म्हणून हेस्टरला बोलावणं आलं. तिच्या मांडीवर तेव्हा पाच आठवड्यांचा आमॉस होता. उजाडायच्या आत तिनं वाड्यावर जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. परत येई तेव्हा अंगात थेंब उरलेला नसे. सात वर्षांची बहीण दिवसभर आमॉसला साखरेच्या पाण्यात भिजवलेली चिंधी चोखायला द्यायची. तो दहा आठवडे टिकला. मालकाचा नातू पुढे बँकेत मोठा साहेब झाला.

म्हणून ओझेलानं आपल्या चारही मुलांना डब्याचं दूध पाजलं. दुकानात जाऊन, स्वतः निवडून. शेजारणींना तो डबा दिसेल असा खिडकीत ठेवायची. माझं अंग कुणाच्या कामासाठी नाही, एवढंच तिला जगाला सांगायचं होतं. व्हर्डेलनं तो हॉल सुरू केला तेव्हा आपण वर्षानुवर्षं घासून काढलेली जागा लेकीनं पुन्हा मळवली, असं तिला वाटलं होतं.

"कॉर्लिस, गप्प बस," ती म्हणाली.

"आई, तू ऐकलंस ना ती काय—"

"ऐकलं. मी बहिरी नाही. उरलेलं तुला तिला जन्मभर ऐकवता येईल, ती कुठं पळून जात नाही. आता गप्प बस. पोर मरेल."

ती काठी टेकत लसोनियासमोर गेली. वर मान करून तिच्याकडे पाहायला लागत होतं.

"तुझं नाव काय म्हणालीस?"

"लसोनिया."

"हा किती महिन्यांचा?"

"चार."

"कधी प्यायला?"

"सकाळी सात वाजता."

"मग त्याला उठव. आधी त्याला पाज. माझ्यासमोर."

"झोपलाय तो, मदर ओझेला. नंतर उठला की—"

"नंतर नाही. आधी तो. पोट भरून. मला बघायचंय."

लसोनिया काय समजायचं ते समजली. तिनं झोळी सोडली, खुर्चीत बसली, टोबायसचे तळवे चोळून त्याला जागं केलं. तो कुरकुरला, मग प्यायला लागला. ओझेला समोर काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. कुणी बसा म्हटलं नाही आणि ती बसलीही नसती. दहा मिनिटं झाली. तो घोट घोट गिळत होता तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. व्हर्डेलच्या हातातली नेओमी मधूनच कुरकुरत होती, आणि ते दोन्ही आवाज एका वेळी ऐकणं जड जात होतं. शेवटी टोबायसनंच तोंड सोडलं. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. ओझेलानं वाकून बोटानं ते पुसलं आणि त्याचं पोट चाचपून पाहिलं.

"भरलं," ती म्हणाली. मग जॅरेलकडे वळली. "आता तू सांग. तू नको म्हणालास तर नको."

जॅरेलनं व्हर्डेलकडे पाहिलं नाही. "पाजू दे," तो म्हणाला. "एकदा. मग आम्ही निघतो."

नेओमीला लावायला लसोनियाला त्रास पडला. पोरगी तोंड उघडेना, उघडलं तर धरेना. सवयीनं व्हर्डेल दोन पावलं पुढे आली, हात पुढे गेला, खांद्याखाली कसा आधार द्यायचा ते सांगायला. तिनं हात मागे घेतला. शेवटी लसोनियानंच बोटानं थेंब काढून नेओमीच्या वरच्या ओठावर फिरवला, आणि तिनं धरलं. पाच दिवसांत पहिल्यांदा ती नीट प्यायली. तिची मूठ आधी घट्ट होती, मग हळूहळू सुटली.

कुणाला आनंद झाला असं म्हणवत नाही. चौघींपैकी एक तोंडावर हात दाबून बाहेर गेली. जॅरेल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची बायको इथं आली की अशीच बसायची, याच खुर्चीत.

*

बाराच्या सुमारास तो निघाला. लसोनिया म्हणाली, अर्धा तास थांब, मी बाटल्या भरून देते, बर्फात घालून ने. तो म्हणाला, "तिथे गेल्यावर संपेलच ना ते. मग परत तेच. मी काय रोज मेम्फिसला येणार?" तो रागानं बोलला नाही. कॉर्लिसनं बॅगांवर आणखी एक पिशवी ठेवली, केझायाचे काही कपडे.

व्हर्डेल ओट्यावर उभी होती. जॅरेलनं बाळाला गाडीतल्या पाळण्यात बसवलं, पट्टे लावले, मग पायऱ्यांपर्यंत परत आला.

"मी बोलायला नको होतं सगळ्यांसमोर."

"खरं होतं ते," व्हर्डेल म्हणाली.

"मी पण तिला उचलून न्यायला पाहिजे होतं. किल्ली हातात होती माझ्या." त्यानं चेहरा तळहातानं पुसला. "मी आपल्या दोघांनाही माफ करू शकत नाही, मिस व्हर्डेल. इथं राहिलो तर रोज तुमच्याकडे बघावं लागेल."

"फोन करशील?"

"मदर ओझेलांना करीन."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. कॉर्लिस बहिणीला न सांगता आपल्या घरी गेली. बायका अजून ओट्याखाली घुटमळत होत्या. व्हर्डेलनं एप्रनच्या खिशातून हॉलची किल्ली काढून लसोनियाच्या हातात दिली.

"पुढच्या शनिवारी तुम्ही याल ना?" लसोनियानं विचारलं.

"नाही."

"मग त्यापुढच्या?"

"लसोनिया, माझ्या लेकीनं मला विचारलं आणि मी तिला पाणी पी म्हटलं. आता दुसऱ्या कुठल्या पोरीला मी काय सांगू?"

लसोनियानं टोबायसला झोळीत बांधलं. जाताना तिच्या शर्टावर दोन ओले डाग पसरले होते. दोन बाळं पाजूनही दूध येतच होतं.

मंगळवारी अकरा वाजता ओझेलाच्या फोनवर जॅरेलचा निरोप आला. तिनं चष्मा लावून तो व्हर्डेलला वाचून दाखवला. "डॉक्टरांकडे वजन केलं. सहा पौंड दहा औंस. कालपासून बाटली घेते. उलटी नाही. माझ्या आईला तिनं पहिल्या दिवशी खूप रडवलं, मग घ्यायला लागली."

"कुठलं दूध?" व्हर्डेलनं विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"बाटली आडवी धरायला सांग. उभी धरली तर ठसका—" ती थांबली. "राहू दे. नको सांगूस काही."

"जगेल पोर," ओझेला म्हणाली.

"हो. जगेल."

टेबलावर आता काहीच नव्हतं. ट्रे धुऊन ज्याचे त्याला परत पाठवले होते. व्हर्डेल त्या रिकाम्या टेबलाशी बसली होती, शनिवारपासून जवळजवळ तिथंच.

"आई, जॅरेलनं सगळं नाही सांगितलं. तोवर तो तिथून उठून गेला असेल."

"काय राहिलं?"

"शेवटी ती म्हणाली, मॉमा, तू कामात आहेस, राहू दे. मी म्हटलं, सगळ्या गेल्या की मी तुला फोन करते. शब्द दिला मी तिला."

ओझेलानं फोन टेबलावर ठेवला.

"मग सगळ्या गेल्या. मी खुर्च्या रचल्या. कॉफीचं भांडं घासलं, फरशी पुसली. घरी येऊन पाय वर करून बसले आणि मला इतकं छान वाटत होतं, आई. अकरा जणी आल्या होत्या. इतक्या कधी येत नाहीत. फोन पर्समध्येच होता."

"विसरलीस."

"रविवारी चर्चहून आल्यावर केला. विचारलं, डोकं कसं आहे. ती म्हणाली, बरंय थोडं." व्हर्डेलनं दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले. "आवाजावरून मला कळलं होतं की बरं नाहीये. मला बरं वाटावं म्हणून म्हणतेय. आणि मी म्हटलं, बघ, सांगितलं होतं ना."

ओझेलानं चष्मा काढला. लेकीला तुझा दोष नाही असं म्हणण्यासाठी ती शब्द शोधत राहिली. ते तिला सापडले नाहीत, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. ती खुर्ची ओढून व्हर्डेलच्या शेजारी बसली.